टॅलीप्राईमचा फुकटचा एज्युकेशनल मोड: अकरावी कॉमर्सला शिकवायला पुरतो का?

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच, पण ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच की टॅलीप्राईम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वर्गात शिकवायला लायसन्स घ्यायची अजिबात गरज नाही, त्याचा शिकण्यापुरता फुकट असलेला एज्युकेशनल मोड पुरतो, फक्त जूनच्या आधी उदाहरणं स्वतः बसून तयार करावी लागतात, आयती उदाहरणं यात चालत नाहीत.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला कॉमर्स शिकवते. आमच्याकडे अकरावीला कॉम्प्युटरवरचा हिशेब शिकवायचं माझ्या गळ्यात आलं, कारण काय तर "मॅडम, तुम्हाला टॅली येतं ना". येतं म्हणजे काय, एका सीएंच्या ऑफिसात काम केलेलं त्याला जमाना झाला, तेव्हा टॅलीची जुनी आवृत्ती ईआरपी ९ होती. टॅलीप्राईम आलं २०२० च्या नोव्हेंबरात आणि दिसायला बरंच बदललं, आतला हिशेब तोच. त्यामुळे सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर घेऊन बसले आणि हा रिव्ह्यू त्यातून आलाय, म्हणजे धंद्यासाठी कसं आहे हे विचारू नका, शिकवायला कसं आहे तेवढंच सांगते.

इन्स्टॉल करणं सोपं. सेटअपची फाईल छोटी, पेनड्राइव्हवर घेऊन सगळ्या मशीनवर टाकता येते, रोजच्या वापराला नेट लागत नाही, आणि पहिल्या स्क्रीनवर लायसन्स विचारलं की खाली कन्टिन्यू इन एज्युकेशनल मोड असं असतं ते घ्यायचं, झालं. नाव नाही, ओटीपी नाही, अमुक दिवसांनी बंद पडेल अशी धमकी नाही. एक मात्र आधी बघून घ्या, विंडोज ६४ बिटचं लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये कुठल्या तरी योजनेतून आलेली जुनी मशीन असतात, त्यावर ३२ बिट असेल तर टॅलीप्राईम बसणारच नाही, आणि हे पहिल्या प्रॅक्टिकलला पोरांसमोर कळण्यापेक्षा मे महिन्यात कळलेलं बरं.

आता मुख्य गोष्ट, तारखांची. एज्युकेशनल मोडमध्ये व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकायला महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा मिळतात. १५ ऑगस्टला माल विकला असं लिहिलं तर घेणार नाही. बऱ्याच जणांचा इथेच मूड जातो आणि मग कोणीतरी 'फुल व्हर्जन' पेनड्राइव्हवर देतो म्हणतो. ते घेऊ नका, कॉलेजची लॅब आहे, उद्या व्हायरस शिरला आणि बारावीच्या ऑनलाइन परीक्षेच्या मशीन बसल्या तर उत्तर कोण देणार, आणि शिवाय ज्या पोरांना आपण हिशेब शिकवतोय त्यांना चोरीच्या सॉफ्टवेअरवर शिकवायचं म्हणजे कमालच.

मला विचाराल तर तारखांचं बंधन वर्गाला फारसं आडवं येत नाही. कॉमर्सच्या हिशेबात ज्या तारखांना खरं वजन आहे त्या १ एप्रिल आणि ३१ मार्च, ओपनिंग बॅलन्स एकीकडे आणि घसारा, क्लोजिंग स्टॉक (शिल्लक माल), आउटस्टँडिंग (द्यायचे राहिलेले) खर्च दुसरीकडे, आणि त्या दोन्ही तारखा चालतात. बाकी मधले व्यवहार १ किंवा २ ला झाले काय आणि १७ ला झाले काय, एंट्री तीच. म्हणून मी पाठ्यपुस्तकातली आणि गाइडमधली उदाहरणं तशीच घ्यायचा नाद सोडला आणि सगळे व्यवहार १ मे, २ मे, ३१ मे असे बसवून नवीन लिहिले. एफ २ दाबून नुसतं १-५ टाइप केलं की १ मे येते, पोरांना हे लगेच जमतं. उधारीचं उदाहरण पण बसतं, १ मेला माल दिला, ३० दिवसांची मुदत दिली, ३१ मेला पैसे आले, हिशेब चोख.

जिथे खरंच अडतं ते म्हणजे महिनाभराचा व्यवहार जिवंत दिसत नाही. डे बुक, म्हणजे रोजच्या नोंदींची यादी, उघडलं की तीनच दिवशी गर्दी आणि मधे सगळा शुकशुकाट. रोजच्या रोज गल्ल्यात किती जमा होतं, आठवडी बाजाराच्या दिवशी विक्री कशी वाढते, कॅश कुठल्या दिवशी कमी पडते, हे दाखवायचं असेल तर इथे दाखवता येत नाही. त्यासाठी मी एक्सेलसारखं लिबरऑफिस कॅल्क वापरते, ते पण फुकट, आणि खरं तर टॅलीच्या आधी कॅल्कच घ्यावं असं माझं मत झालंय. एक महिन्याची कॅशबुक कॅल्कमध्ये पोरांनी स्वतः मांडली, जमा, खर्च, शिल्लक, खालच्या ओळीत वरची शिल्लक ओढून आणायचा फॉर्म्युला स्वतः लिहिला की टॅली पडद्याआड काय करत असेल याचा थोडा तरी अंदाज येतो. नाहीतर टॅली म्हणजे बटण दाबलं की बॅलन्स शीट बाहेर, आणि पोराला वाटतं की बॅलन्स शीट बटणातून येते. (कॅल्कसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, आवाज जरा संथ आहे पण स्वतः तयारी करायला चांगले, पोरांना मात्र झोप येते.)

आता सगळ्यात महत्त्वाची सेटिंग सांगते जी मला कुठल्याच शिकवणीच्या व्हिडिओत धड सांगितलेली दिसली नाही. टॅलीप्राईममध्ये एफ ५ दाबून पेमेंट उघडलं की वर अकाउंट म्हणून कॅश किंवा बँक निवडायची आणि खाली कोणाला दिले ते, म्हणजे डेबिट क्रेडिट कुठेच विचारत नाही. दुकानदाराला हे भारी, त्याला कुठे जर्नल लिहायचंय. पण आपल्या अकरावीच्या पोराला त्याच आठवड्यात बुक कीपिंगच्या तासाला डेबिट काय क्रेडिट काय यावरून बोलणी बसत असतात, आणि इथे ते दोन शब्दच गायब! मग त्याच्या डोक्यात वहीतलं अकाउंट वेगळं आणि कॉम्प्युटरवरचं वेगळं असं पक्कं होतं. तर उपाय असा, व्हाउचर उघडं असताना कंट्रोल एच दाबा, चेंज मोड येतं, त्यात डबल एंट्री निवडा. आता भाडं डेबिट, कॅश क्रेडिट असं सरळ दिसतं, वहीत लिहितो तसंच. निदान पहिली टर्म तरी हाच मोड ठेवा, आणि खाली नॅरेशनच्या (व्यवहार कशाचा ते सांगणाऱ्या ओळीच्या) जागेत 'बीइंग' पासून लिहायला लावा, कंटाळा करतात पण लिहायला लावाच.

कीबोर्डची सवय हा टॅलीचा जुना गुण, तो प्राईममध्येही आहे. एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस, आणि काही सापडलं नाही तर ऑल्ट जी दाबून गो टू मध्ये नाव टाइप करा. हे गो टू शिकवणाऱ्यासाठी वरदान आहे, पोरगं कुठल्या मेन्यूत हरवलंय ते शोधत बसावं लागत नाही, तिथूनच ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) म्हटलं की ट्रायल बॅलन्स. पण बाजारातली गाइडं सांभाळून घ्या. पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेलात तर अजून ईआरपी ९ ची पुस्तकं सर्रास मिळतात, आणि त्यातल्या काही कीज आता बदलल्यात. डेबिट नोटला तेव्हा कंट्रोल एफ ९ होतं, आता ऑल्ट एफ ५ आहे, क्रेडिट नोटला कंट्रोल एफ ८ होतं ते ऑल्ट एफ ६ झालं. पोरं गाइड बघून बटण दाबतात, भलतंच काहीतरी उघडतं, मग "मॅडम, कॉम्प्युटर खराब आहे".

जीएसटीचं उदाहरण हे माझं या तयारीतलं आवडतं काम. पुस्तकातली उदाहरणं १२ टक्के आणि २८ टक्केवाली असतात आणि ते दोन्ही स्लॅब २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी गेले, आता मुख्यत्वे ५ आणि १८, आणि वर ४० मोजक्या वस्तूंना. म्हणजे जुनं उदाहरण तसंच शिकवलं तर पोरगं घरी जाऊन बापाच्या दुकानातलं बिल बघणार आणि उद्या येऊन आपल्यालाच विचारणार. मी स्टेशनरीचं दुकान घेतलं कारण त्यात तिन्ही गमती आहेत. वह्या आधी १२ टक्के होत्या, आता शून्य. कंपास पेटी १२ वरून ५. बॉलपेन १८ होतं, १८ च आहे. मग खरेदीचं बिल असं केलं: वह्या ६,००० च्या, कंपास पेट्या ४,००० च्या, बॉलपेन ५,००० चे, सगळा माल पुण्याहून. जुन्या दराने वह्यांवर ७२०, कंपासवर ४८०, पेनवर ९००, एकूण कर २,१०० आणि बिल १७,१००. नवीन दराने वह्यांवर काही नाही, कंपासवर २००, पेनवर ९००, कर १,१०० आणि बिल १६,१००. बरोबर हजाराचा फरक, फळ्यावर मांडलं की शेवटच्या बाकावरचा पण मान वर करतो.

गंमत बघा, २२ सप्टेंबर ही तारीख एज्युकेशनल मोडमध्ये टाकताच येत नाही. त्यामुळे एक बिल १ सप्टेंबर २०२५ चं आणि दुसरं १ ऑक्टोबर २०२५ चं, माल तोच, पुरवठादार तोच. स्टॉक आयटमला जीएसटीचा दर कधीपासून लागू ते टाकायची सोय टॅलीप्राईममध्ये आहे, ती बरोबर भरली की दोन्ही बिलांना आपापला दर लागतो आणि पोरांना कळतं की कायदा बदलला तर जुन्या बिलाला हात लावायचा नसतो. पुढचा भाग म्हणजे हाच माल पुण्याऐवजी हुबळीहून मागवायचा. पार्टीच्या लेजरमध्ये, म्हणजे पुरवठादाराच्या खात्यात, राज्य कर्नाटक केलं की केंद्र आणि राज्याच्या करांची, सीजीएसटी एसजीएसटीची, जोडी जाते आणि परराज्यातल्या मालाचा आयजीएसटी येतो. आमच्या भागातून कर्नाटकाची हद्द जवळ, निम्म्या पोरांचे पाहुणे विजापूर, कलबुर्गीकडचे, त्यामुळे हे कोणाला परकं वाटत नाही. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, कर्नाटकचे २९, हे सांगितलं की पोरं घरून किराणाची, कृषी सेवा केंद्राची बिलं आणून नंबर तपासत बसतात. खताच्या बिलावर ५ आणि कीटकनाशकावर १८ का, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोरानेच विचारला, आणि त्याचं समाधानकारक उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आता तो कापलेला एक स्टार. तारखांसाठी नाही कापला. कापला यासाठी की टॅलीत काहीही केलं तरी बॅलन्स शीट जुळते. म्हणजे सॉफ्टवेअरने तेच करायला हवं, दोष असा नाही, पण शिकणाऱ्यासाठी हा मोठा सापळा आहे. नवीन लेजर करताना त्याचा ग्रुप निवडावा लागतो, तयार ग्रुप २८ असतात, त्यातले १५ मुख्य आणि १३ पोटातले, आणि पोरं यादीत जे हाताला लागेल ते निवडतात. मजुरी इनडायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये, दुकानाचं फर्निचर खरेदीमध्ये, एकाने तर भाडं करंट लायबिलिटीजमध्ये टाकलेलं, आणि शेवटी दोन्ही बाजू जुळल्या म्हणून खूश. वहीवर हिशेब चुकला की बेरीज जुळत नाही तेव्हा निदान घाम फुटतो, इथे घाम फुटतच नाही. नवख्याला 'अरे हे असं कसं' म्हणून अडवणारं काही एज्युकेशनल मोडमध्ये तरी असायला हवं होतं, नाव एज्युकेशनल आहे ना.

त्यावर तोडगा म्हणून मी एक मुद्दाम बिघडवलेली कंपनी करून ठेवलीय. छोटं किराणा दुकान, वर्षभराचे मोजके व्यवहार, आणि त्यात पेरलेल्या चुका: कॅरेज इनवर्ड (माल आणायचं भाडं) चुकीच्या ग्रुपमध्ये, फ्रीज घेतला तो परचेस अकाउंटला, मालकाने घरखर्चाला काढलेले पैसे पगारात, एका गिऱ्हाइकाचे पैसे त्याच आडनावाच्या दुसऱ्याच्या खात्यावर. ट्रायल बॅलन्स झकास जुळतो. ऑल्ट वाय दाबून डेटामधून बॅकअप घेतला आणि प्रत्येक मशीनवर रिस्टोअर केला, मग पोरांना एवढंच सांगायचं की नफा खोटा आहे, शोधा. अकरावीच्या बुक कीपिंगला रेक्टिफिकेशन ऑफ एरर्स (चुकांची दुरुस्ती) आहेच, एरर ऑफ प्रिन्सिपल (तत्त्वाची चूक) म्हणजे काय ते पाठ करून येत नाही, पण फ्रीज परचेसमधून काढून फिक्स्ड असेट्समध्ये नेला की नफ्याचा आकडा डोळ्यासमोर वर जातो ते बघून येतं. ही कंपनी तयार करायला वेळ जातो, पण माझ्या सगळ्या तयारीत तेवढी एकच वस्तू अशी आहे की जी मी कोणालाही बिनधास्त सुचवेन.

एक मशीन आणि तीन पोरं हा सगळीकडचाच प्रकार, तर प्रत्येकाने आपल्या रोल नंबरने वेगळी कंपनी करायची, ऑल्ट के मधून पाच मिनिटांचं काम. व्हाउचर स्वीकारलं की तिथल्या तिथे सेव्ह होतं, त्यामुळे वीज गेली तरी फार तर समोरची एक एंट्री जाते. एस्केप मात्र जपून, क्विट विचारतं आणि पोरं न वाचता एंटर मारतात, अर्धवट भरलेलं बिल गेलं. कॉपी करणाऱ्यांचं काय, तर करतातच, शेजारच्याची कंपनी उचलून नाव बदलून आणतात. त्याला टॅलीप्राईम एडिट लॉग म्हणून वेगळी आवृत्ती आहे, त्यात कुठली एंट्री कधी बदलली त्याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी नोंद ठेवणं कायद्याने बंधनकारक झालंय, म्हणून ती आली. वर्गात लावून दाखवा, वचक बसतो, आणि ऑडिट म्हणजे काय ते न बोलता कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्या पोरांसाठी अजून एक. लेजरला नावाखाली एलियास म्हणून दुसरं नाव देता येतं. नाव सॅलरी आणि एलियास पगार, नाव कॅरेज आणि एलियास गाडीभाडं, असं केलं की दोन्ही नावांनी लेजर सापडतं. बारावीला इंग्रजीतच जायचंय म्हणून काही शिक्षक नाकं मुरडतात, मला तरी पहिले दोन महिने ही सोय असलेली बरी वाटते, नंतर आपोआप सुटते.

बोर्डाचं काय, हा प्रश्न येणारच. अकरावी कॉमर्सच्या आयटीच्या पुस्तकात हिशेबासाठी जीएनयूखाता आहे, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर चालतं, आणि ज्यांची पोरं आयटी विषय घेऊन बसलीत त्यांनी ते सोडून चालणार नाही, परीक्षा त्याच्यावर आहे. टॅली मी त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला धरते. कारण साधं आहे, बारावीनंतर आमच्या इथली निम्मी पोरं-पोरी आडत दुकानात, मेडिकल एजन्सीत, ट्रॅक्टरच्या शोरूमला, सीएंच्या ऑफिसात चिकटतात आणि तिथे पहिला प्रश्न टॅली येतं का हाच असतो. एमएससीआयटी झालेली पोरं भरपूर, टॅलीत जर्नल एंट्री डोकं लावून करणारी कमी.

लायसन्स कोणी घ्यावं? कॉलेजचा स्वतःचा हिशेब टॅलीवर असेल तर ऑफिसला लागेलच, ते वेगळं, आणि त्याची किंमत वीस हजारांच्या वर जाते. लॅबसाठी तो पैसा घालू नका. त्याऐवजी प्रिन्सिपल सरांकडून एक बरा प्रोजेक्टर आणि यूपीएसच्या बॅटऱ्या मागून घ्या, टॅलीची अक्षरं मागच्या बाकावरून दिसत नाहीत ही माझी खरी अडचण अजून तशीच आहे.